एक नाव राहिलं

वानखेडेकाकांची आठवण आली की मला अजूनही आधी राग येतो. माया, हळहळ, हसू हे सगळं मागाहून. कॅनडात इतकी वर्षं काढली, पण इतका सज्जन माणूस मला दुसरा भेटला नाही आणि इतका डोकं उठवणाराही भेटला नाही. दुर्दैवाने ते एकच गृहस्थ होते.

मंदी यायच्या आधीच्या वर्षातली ही गोष्ट. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते आणि तिथून गाडीने अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात राहत होते, कारण तिथलं भाडं परवडायचं. गावाबाहेरच्या उतारावर आमची चार मजली इमारत होती. मी दुसऱ्या मजल्यावर, वानखेडेकाका आणि सुमनकाकू तिसऱ्या. त्यांच्या मुलाने, संदीपने, त्यांना इकडे आणलं तेव्हा तो इथल्या, कॅनडातल्याच केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात होता. मग त्याला दीड-दोन तासांवरच्या व्हिटबीला नोकरी लागली. तो आईवडिलांना बरोबर चला म्हणाला, पण काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथे झालेलं, डॉक्टर इथले, आणि मुख्य म्हणजे काकूंचा पूल इथला.

पूल म्हणजे कम्युनिटी सेंटरमधला कोमट पाण्याचा तलाव. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एक तास तो गुडघे-कंबरवाल्या लोकांसाठी राखून ठेवलेला असे. हंडा-घागरीपलीकडे पाण्याशी कधी संबंध न आलेल्या काकू वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्या पाण्यात चालायला शिकल्या. सैल पँट आणि संदीपचा जुना टी-शर्ट घालून उतरायच्या. "पाण्यात वजनच राहत नाही बाप्पा," त्या मला एकदा म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा कोणाचं ओझं नाही. आपलं आपल्यालासुद्धा नाही." काका गाडी चालवत नव्हते आणि मी त्या वेळी कामावर असायची. पण बस इमारतीच्या दारासमोर थांबायची. ती बस होती म्हणून पूल होता.

काका बुलढाणा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत नोकरीला होते. तिथे एकतीस वर्षं त्यांनी सभांची इतिवृत्तं लिहिली. कोण हजर होतं, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, शेवटी आभार कोणी मानले. ठेंगणी मूर्ती, पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर, खिशाला दोन पेनं. बर्फ पडायला लागलं की जाडजूड जॅकेटवर बुलढाण्याहून आणलेली माकडटोपी. त्या टोपीत त्यांचे फक्त डोळे आणि चष्मा दिसायचा, आणि तो चष्मा सतत आभार मानायला कोणीतरी शोधत असायचा.

आभार हा त्यांचा आजारच होता. मी कधी त्यांना ग्रोसरीला नेलं तर परत आल्यावर ते गाडीतून उतरायचे, दार उघडं धरायचे आणि सुरू व्हायचे. "वैशाली, आज तू तुझ्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःची कामं बाजूला ठेवून, आम्हा दोघांना..." बाहेर उणे पंधरा. मी म्हणायची, "काका, दार लावा, थंडी आत येतेय." ते म्हणायचे, "लावतो, लावतो, दोनच शब्द." दोन शब्द कधी दोन शब्दांत संपले नाहीत. तेवढ्यात गाडीतली सगळी ऊब निघून जायची आणि मी हात चोळत पार्किंगमध्ये गाडी लावायची.

इथे बसमधून उतरताना सगळेच ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. काकांना ते अपुरं वाटायचं. "कोणाला थँक यू? नाव नको?" त्यांनी प्रत्येक ड्रायव्हरचं नाव विचारून घेतलं होतं आणि खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं होतं. मंगळवार, शुक्रवार: डेस्मंड, मूळ गाव त्रिनिदाद, दोन मुली. त्यामुळे उतरताना ते "थँक यू मिस्टर डेस्मंड, फॉर स्मूथ ब्रेकिंग" असं काहीतरी म्हणायचे आणि मागचे चार लोक ताटकळत उभे राहायचे. डेस्मंड मात्र हसून टोपीला हात लावायचा.

गावात मराठी घरं जेमतेम वीस. गणपतीच्या कार्यक्रमात आभार मानायला एकदा काकांना उभं केलं. त्यांनी मंडप नव्हे, हॉल देणाऱ्यापासून सुरुवात केली आणि खुर्च्या मांडणारे, खुर्च्या उचलणारे, बाथरूममध्ये कागद संपला तेव्हा नवा आणणारे असं करत बावीस मिनिटं घेतली. मसालेभात गार झाला. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत आभार हा विषयच नव्हता. काकांनी शेवटपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच उठून उभे राहिले.

या माणसाच्या हाती इंग्रजांची एक टीव्ही मालिका लागली आणि सगळं बिघडलं.

मालिका इंग्लंडमधल्या कुठल्याशा लहान गावाच्या नगरपरिषदेची होती. दर रविवारी संध्याकाळी सरकारी चॅनेलवर लागायची. गावात नदीवर एक पादचारी पूल बांधतात. त्याच्यासाठी मार्गारेट नावाच्या नगरसेविकेने सहा वर्षं खस्ता खाल्लेल्या असतात. उद्घाटनाच्या भाषणात तिचा जुना मित्र हेन्री, जो आता अध्यक्ष झालेला असतो, सगळ्यांची नावं घेतो आणि तिचं विसरतो. त्यानंतर आठ-दहा भाग नुसती भांडणं. ती त्याचे ठराव पाडते, तो तिच्या भावाचं दुकान बंद पाडतो, घरंदारं फुटतात. इंग्रज मंडळी हे सगळं चहा पीत, आवाज न चढवता करायची, म्हणून ते जास्तच भयंकर वाटायचं.

काकांना ते उच्चार कळायचे नाहीत. म्हणून रविवारी मी तिथे हजर राहून समजावून सांगायचं असं आपोआप ठरलं. काकू पाटवडीचा रस्सा करायच्या, तेवढ्यासाठी मी जायची, असं मी स्वतःला सांगायची. काका व्हीसीआर लावून भाग रेकॉर्ड करायचे आणि पुढ्यात जाड वही घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, इंग्रजी शब्द लिहून घेत असतील. मी डोकावून पाहिलं. ते मालिकेचं इतिवृत्त लिहीत होते. 'उपस्थिती: श्री. हेन्री (अध्यक्ष), श्रीमती मार्गारेट, इतर सात. विषय क्रमांक एक: पुलाच्या कठड्यास रंग देणे. सूचक: श्री. हेन्री. अनुमोदक: कोणी नाही. ठराव बारगळला.'

"काका, हे खोटं आहे. नट आहेत ते."

"नट असले तरी सभा झाली ना? नोंद नको?"

हेन्री आणि मार्गारेट दारूच्या गुत्त्यात बसून काही ठरवायला लागले की काका पेन खाली ठेवायचे. "ही सभा नाही. हे लिहिता येणार नाही." मालिकेतलं सगळं महत्त्वाचं त्या गुत्त्यातच घडायचं, त्यामुळे काकांच्या वहीत त्या गावात जवळजवळ काहीच घडलेलं नव्हतं.

पण उद्घाटनाचा प्रसंग त्यांनी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. तिसऱ्या वेळी टेप थांबवली. पडद्यावर मार्गारेटचा चेहरा थरथरत उभा होता.

"इथं चुकलं," काका म्हणाले. "एक नाव राहिलं. आता बघ."

मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. काकूंनी ती बहुधा शंभरदा ऐकली असावी, कारण त्या उठून भाकरी टाकायला गेल्या. एका गावची पाण्याची योजना होती. भूमिपूजनाच्या आभारांची यादी काकांनी तयार केली, तीत एका माजी सरपंचाचं नाव राहिलं. पंपघराची जागा नेमकी त्याच्या भावकीची निघाली. त्याने सही दिली नाही. तीन उन्हाळे ती योजना कागदावर पडून राहिली आणि बायका दीड मैलावरून पाणी आणत राहिल्या. "एका नावापायी," काका म्हणाले. "माझ्या हातून राहिलेल्या एका नावापायी. माणसाला पैसा नको असते वैशाली, पद नको असते. आपलं नाव कोणी घेतलं की नाही एवढंच तो पाहते."

हे ऐकून मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. ते मी तिथेच थांबवायला हवं होतं आणि त्यांना सांगायला हवं होतं की काका, हा तुमचा जिल्हा झाला. सगळं जग असं नसतं. पण रस्सा गरम होता.

त्याच वसंतात इमारतीच्या दारावर नगरपालिकेची नोटीस लागली. आमची बस जलद करायची होती. त्यासाठी उतारावरचा आमचा थांबा आणि आणखी दोन काढून टाकायचे होते. पुढचा थांबा उताराच्या पायथ्याशी, धडधाकट माणसाला सहा मिनिटांवर. काकूंना काठी घेऊन वीस मिनिटं, आणि हिवाळ्यात बर्फावरून मुळीच नाही. त्याच्या आदल्या जानेवारीत त्या दारातल्या पायरीवरच घसरून मनगट मोडून बसल्या होत्या. नोटिशीखाली लिहिलं होतं की ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी नाव नोंदवावं, सभेपुढे पाच मिनिटं बोलता येईल.

काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की थांबा जाणार आहे हे ते विसरलेच असावेत. एकतीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहून घेतलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतः सभेपुढे उभं राहायचं होतं.

त्यांनी साडेतीन पानं लिहिली. मी मायक्रोवेव्हचा टायमर लावून त्यांच्याकडून वाचून घेतली. पाच मिनिटं झाली, टायमर वाजला, तेव्हा काका दुसऱ्या पानावर होते आणि बस हा शब्द अजून आलेला नव्हता.

"काका, हे आभार सगळे काढा."

"काढा कसे? तेरा नगरसेवक आहेत. त्यांच्या दारात जाऊन त्यांची नावं घ्यायची नाहीत?"

"इथे नाही घेत. 'मिस्टर मेयर अँड मेंबर्स ऑफ काउन्सिल', बास. लगेच मुद्दा."

"त्या हेन्रीनं असंच केलं."

"हेन्री नाहीये हो इथे कोणी."

"हेन्री सगळीकडे असते," काका म्हणाले.

मी हट्ट धरला. एका पानात बसेल असं नवं भाषण मीच लिहिलं. पहिलंच वाक्य असं होतं: माझ्या पत्नीचं नाव सुमन, तिला चालता येत नाही पण पाण्यात चालता येतं. मला ते वाक्य फार चांगलं जमलंय असं वाटत होतं. टायमर लावला, चार मिनिटं दहा सेकंद. काकूंनी ऐकलं आणि त्या उठून आत गेल्या, जाताना हसत होत्या. काका म्हणाले, "ठीक आहे. तू म्हणते तसं." मी निश्चिंत झाले. मूर्ख मी.

सभा मंगळवारी दुपारी होती. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. काकू पूलवरून परस्पर आल्या, केस ओले, मांडीवर टॉवेलची पिशवी. काकांनी कोट घातला होता. बोलायच्या जागी एक छोटा दिवा होता, हिरवा, मग पिवळा, मग लाल. काकांचं नाव पुकारलं गेलं. ते गेले, माईक नीट केला, हाताने उगाच कोट झटकला आणि आतल्या खिशातून कागद काढले. एक कागद नव्हे. चार.



"रिस्पेक्टेड मिस्टर मेयर," काका म्हणाले, आणि मग समोरच्या पाट्यांवरची तेराच्या तेरा नावं त्यांनी घेतली. नुसती नावं नाहीत. प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य. ज्यांच्या ऑफिसने फेब्रुवारीत आमचा फोन उचलला. ज्यांनी वाचनालयात गुजराती का होईना पण पुस्तकं आणली. ज्यांच्याबद्दल काही सापडलं नव्हतं त्यांच्याबद्दल, हू इज ऑल्सो प्रेझेंट. सुरुवातीला नगरसेवक हसले. त्यांना छान वाटत होतं, हे मलाही दिसत होतं. आठव्या नावाला पिवळा दिवा लागला. मी मागून हातवारे केले. काका तेरापर्यंत गेले, मग सभेची कारकून बाई, मग वॉशरूम दाखवणारा सिक्युरिटीवाला, मग ज्याच्या बसने काकू वेळेवर पोचल्या तो मिस्टर डेस्मंड.

"अँड नाऊ," काका म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं, "आय कम टू द सब्जेक्ट."

लाल दिवा लागला. महापौर अगदी मऊ आवाजात म्हणाले की धन्यवाद सर, तुमचा वेळ संपला.

काका जागचे हलले नाहीत. नियम त्यांना पाठ होता, मालिकेतही तो आला होता. एखाद्या सभासदाने वेळ वाढवून द्यायचा ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, की बोलता येतं. ते पहिल्या खुर्चीपासून तेराव्या खुर्चीपर्यंत एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले. आताच तर त्यांनी त्यांची नावं घेतली होती. कोणी कागद लावत होतं, कोणी पाणी पीत होतं. महापौरांनी विचारलं, कोणाला यांना काही प्रश्न आहे का? कोणाला नव्हता. त्यांना काय हवंय हेच कोणाला कळलेलं नव्हतं, तर प्रश्न काय विचारणार? थांबा काढायचा विषय पुढच्या दहा मिनिटांत मंजूर झाला.

गाडीत मी नुसतं समोर बघून चालवत राहिले. बोलले असते तर काय बोलले असते याची मलाच भीती वाटत होती. काका पुढे बसले होते, चार कागद गुडघ्यावर. मागून काकूंचा आवाज आला.

"सगळ्यांची नावं घेतली तुम्ही."

"घेतली," काका म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या. "माझं तेवढं राहिलं."

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. कागदाच्या चार घड्या केल्या, मग आठ, आणि खिशात घातले. त्या दिवशी उतरताना त्यांनी माझे आभार मानले, तेही नेहमीसारखे दार उघडं धरून, आणि मी तोंड फिरवून बसले होते.

पुढच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. काका बेडरूममधून बाहेरच आले नाहीत. काकूंनी टीव्ही लावला आणि मला हाक मारून घेतलं. तसं त्यांना त्या मालिकेचं काही नव्हतं, पण त्या पाय स्टुलावर ठेवून शेवटपर्यंत बसल्या. मार्गारेट आणि हेन्री म्हातारे झाले होते. नदीवरचा तो पूल आता बंद केलेला होता. दोघं त्याच्या दोन टोकांना उभे होते आणि मालिका संपली.

"तिचं नाव घेतलं का त्यानं शेवटी?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू."

"मग कायले एवढं दाखवलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. टेबलावर काकांची वही उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर उपस्थितीपुढे काहीच नव्हतं. खाली एकच ओळ आधीच लिहून ठेवलेली होती: कोरमअभावी सभा तहकूब.

सप्टेंबरात थांबा गेला. नगरपालिकेच्या माणसांनी खांब कापून नेला, फुटपाथवर तळहाताएवढा गोल तेवढा राहिला. काका-काकू पहिला महिना उतार उतरून गेले. ऑक्टोबर संपता संपता पहिलं बर्फ पडलं, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी घडलेलं काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. दोघं दारातून निघाले होते, एवढ्यात डेस्मंडची बस वरून आली आणि जिथे खांब होता तिथे थांबली. दार उघडलं. डेस्मंडने नुसती मान हलवली, या म्हणून. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिथे थांबायला लागला. दहा सेकंदांचं काम. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. काकूंचा पूल चालू होता. त्या आता काठी भिंतीला टेकवून स्वयंपाक करायच्या.

मला वाटलं, बरं झालं. तेरा लोकांच्या सभेत जे झालं नाही ते एका माणसाने गुपचूप करून टाकलं. पण गुपचूप हा शब्दच काकांना सोसायचा नाही. जानेवारीत एक दिवस मी कामावरून दमून आले तर ते जिन्यात माझी वाट पाहत उभे. हातात दोन पानं.

ट्रान्झिटच्या, म्हणजे बससेवेच्या मॅनेजरला पत्र होतं. विषय: आपले चालक श्री. डेस्मंड यांचे जाहीर आभार. त्यात बंद केलेल्या थांब्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, केवळ माणुसकीपोटी बस थांबवल्याबद्दल, असं सगळं वेळेसकट होतं. खाली लिहिलं होतं, प्रत माहितीस्तव, आणि तेरा नावं.

"काका, हे पाठवू नका," मी म्हटलं. "हे रूलच्या बाहेर आहे. त्याला ओरडा बसेल."

"चांगल्या कामाबद्दल?"

"त्याला परवानगी नाहीये तिथे थांबायची. तुम्ही लेखी कळवताय त्यांना."

"मग काहून थांबते तो? आपल्यासाठी. दोन महिने झाले वैशाली, एक माणूस आपल्यासाठी राबते आणि त्याचं नाव कुठं नाही. कुठं नोंद नाही. मले झोप लागत नाही." त्यांनी पानं माझ्यापुढे धरली. "एकदा नाव राहिलं माझ्या हातून. दोनदा राहिलं. आता तिसऱ्यांदा नाही."

दुसरं नाव कोणाचं ते मला कळलं होतं. मी तेव्हा त्यांना हाताला धरून वर न्यायला हवं होतं आणि काकूंसमोर बसवायला हवं होतं. ज्यांचं नाव राहिलं त्या वर पोळ्या करतायत, त्यांचं घ्या, असं सांगायला हवं होतं. पण मी अकरा तास उभी होते, बुटात बर्फाचं पाणी शिरलं होतं, आणि मला त्या माणसाचा मनापासून कंटाळा आला होता.

"करा तुम्हाला काय करायचं ते," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्यांनी केलं.

पंधरा दिवसांनी शुक्रवारी दोघं खाली उभे होते. बस वरून आली आणि थांबली नाही. काका हात वर करून चार पावलं धावले. पुढच्या मंगळवारीही नाही. काका एकटेच उतार उतरून पायथ्याच्या थांब्यावर गेले, बसमध्ये चढले आणि नव्या ड्रायव्हरला आधी त्याचं नाव विचारलं, मग डेस्मंडबद्दल. त्याला दुसऱ्या मार्गावर टाकलं होतं. का, ते नवा ड्रायव्हर सांगेना. एवढंच म्हणाला की कोणीतरी त्याच्याबद्दल पत्र लिहिलं.

नंतर नगरपालिकेचं उत्तर आलं. चांगल्या जाड कागदावर, सहीनिशी. डिअर मिस्टर वानखेडे, ही बाब आमच्या निदर्शनास आणून दिल्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. काकांनी ते मला दाखवलं नाही. काकूंनी दाखवलं.

त्यानंतर काकू पूलवर गेल्या नाहीत. एकदा टॅक्सी करून पाहिली, पण ती अर्धा तास उशिरा आली आणि पूलचा वेळ संपून गेला. फेब्रुवारीच्या शेवटी संदीपने ठरवलंच, आता व्हिटबी. काकूंनी वाद घातला नाही. पुन्हा काठी लागली होती, घरातल्या घरातसुद्धा.

ते जायच्या आदल्या शुक्रवारी मी पूर्ण दिवसाची सुट्टी काढली आणि दोघांना पूलवर घेऊन गेले. हे मी आधी का केलं नाही, महिन्यातून एकदा तरी का केलं नाही? दमणूक, शिफ्ट, असली उत्तरं असतात. काकू पाण्यात उतरल्या. काका काचेच्या अलीकडे बाकावर बसले होते, मांडीवर माकडटोपी. काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, वळल्या आणि परत आल्या, काठीशिवाय, हात पसरून. काका त्यांच्यावरची नजर काढत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, फेऱ्या मोजतायत. जवळ जाऊन बसले तेव्हा ऐकू आलं. ते नुसतं "सुमन" म्हणत होते. ती वळली की एकदा, परत आली की एकदा.

काचेतून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

परत आलो तेव्हा वारा सुटला होता. मी गाडी इमारतीच्या दाराशी, जिथे खांब कापलेला होता तिथेच, उभी केली. काकांनी काकूंना उतरवलं, काठी हातात दिली, पिशवी घेतली. मग ते माझ्या बाजूच्या खिडकीशी आले. मी मनाची तयारी केली होती. आज ऐकून घ्यायचं, कितीही वेळ लागो, सगळं ऐकून घ्यायचं, असं मी वाटेतच ठरवलं होतं. मी काच खाली केली. काकांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग वाकून हळूच म्हणाले,

"काळजी नको करू. तुझं नाव मी कुठंच घेणार नाही."

आणि ते वळले. काकूंच्या कोपराला धरून सावकाश पायऱ्या चढले. पलीकडचं दार त्यांनी उतरल्या उतरल्याच लावून घेतलं होतं, घट्ट. गाडीत जराही थंडी शिरली नव्हती.